मार्कमेमोवरची आई

छबुबाई आणि सुंदरबाई या सख्ख्या जावा. चकलांब्यात त्यांचं घर एक, अंगण एक, नळ एक आणि अबोला पंचवीस वर्षांचा. आता अबोला म्हटलं की लोकांना वाटतं, तोंड फिरवलं की झालं. तसं नसतं. अबोला नीट चालवायचा तर घरात तिसरं माणूस लागतं. सुरुवातीला निरोप दोघींच्या नवऱ्यांनी, छबुबाईच्या आश्रुबांनी आणि सुंदरबाईच्या अजिनाथांनी, पोचवले. पुढं छबुबाईचा मुलगा हनुमान आणि त्याची बायको करिष्मा यांनी ते काम केलं. मग आश्रुबा गेले, त्यांच्यामागून धाकटे अजिनाथही गेले. हनुमान बायकोला आणि लहान पोराला घेऊन चाकणला गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. शिकायला गावातच राहिलेली त्याची लेक तेजश्री मग गेली बारा वर्षं या दोन आज्ज्यांच्या मधोमध उभी होती.

"तेजे, तिला सांग, दळण आणलंय," छबुबाई म्हणायची. सुंदरबाई चार हातांवर तांदूळ निवडत असायची, कान ठणठणीत. तरी तेजश्रीनं तिकडं तोंड करून "बारक्या आज्जी, दळण आलंय" म्हटल्याशिवाय ती हलायची नाही. मग उत्तर यायचं, "तिला सांग, बरं झालं." छबुबाईनं ते ऐकलेलं असायचं, पण तीही तेजश्रीची वाट बघायची. पोरगी सुरुवातीला वैतागली. पुढं पुढं जेवता जेवता, अभ्यास करता करता, मान वर न करता दोन्हीकडं निरोप टाकायला शिकली.

बरं, दावा म्हणावा तर तोही नव्हता. पुरणपोळी झाली की पहिली ताटली पलीकडच्या दारात जायची. अजिनाथ गेले तेव्हा छबुबाई बारा दिवस जावेला धरून बसली. तिला घास भरवले, तिच्यासोबत ढसाढसा रडली. बोलली मात्र नाही. भेटायला आलेल्या बायकांनी हे बघून कपाळाला हात लावला होता.

तेजश्री गेवराईच्या कॉलेजात समाजकार्य शिकत होती. पेपर संपले होते आणि आता सहा महिने बीडला एका संस्थेत काम करायचं होतं, राहणं तिथंच. रविवारी निघायचं ठरलं. बुधवारी संध्याकाळी छबुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती, तेव्हा पोरगी दारात येऊन उभी राहिली.

"मोठ्या आज्जी, बारक्या आज्जीचा निरोप हाय. रविवारी अंगदकाका येनार. ती त्याच्यासंगं धर्मापुरीला चाललीय."

अंगद म्हणजे सुंदरबाईच्या भावाचा मुलगा. "जाईना का. माहेर हाय तिचं. कवा येनार परत?"

"येनार न्हाई. कायमची चाललीय. म्हणती, तू गेल्यावर इथं मी कुणाशी बोलू?"

छबुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. उलटायची वेळ झाली नव्हती, भाकरी मधून फाटली. "तिला सांग," ती म्हणाली आणि थांबली. तेजश्री वाट बघत राहिली. छबुबाईला म्हणायचं होतं की जाऊ नको. पण जाऊ नको हे काही दळणाचं सांगणं नाही. ते दुसऱ्याच्या तोंडून सांगितलं तर त्याला काय किंमत? आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं तर पंचवीस वर्षं मध्ये पडलेली. "काय न्हाई," ती म्हणाली. "जा, पाणी भर."

ती रात्र तिनं कूस बदलत काढली. सुंदरी गेली तर या अंगणात आपण एकट्याच, हे तिला पहिल्यांदाच नीट कळलं.

गुरुवारी दुपारी तेजश्रीनं ओसरीवर एक मोठा पांढरा कागद पसरला. उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दोन कांदे, एक वाटी आणि अडकित्ता ठेवला. मग म्हणाली, "आज्जी, तुजी एक बांगडी काढून दे."

"कावून?"

"गोल काढायचेत. बाईला गोल आन बाप्याला चौकोन. चौकोनाला काडीपेटी घेतलीय. याला जेनोग्राम म्हणत्यात. घरान्याचा नकाशा समज. कोण कुणाचं, कोण कुणाशी बोलतं, कुणाचं कुणाशी पटत न्हाई, काय काय पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलंय, सगळं यात येतं. आमच्या मॅडम म्हणल्या, लोकांच्या घरात जाऊन इचारायच्या आधी आपलं घर कागदावर काढून बगा."

"म्हंजी वंशावळच की. ती दाखल्यासाठी काढलीय की आपून. सगळ्या गावानं काढली."

"तिच्यात तू व्हतीस का?"

"मी कशाला आसंन? तिच्यात बाप्ये असत्यात."

"हिच्यात बाया बी असत्यात," तेजश्री म्हणाली आणि बांगडी कागदावर ठेवून तिनं पेन्सिल फिरवली. "ही तू."

छबुबाईनं वाकून तो गोल बघितला. तिला तो आवडला, पण तसं कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं. "बाईला कोपरे न्हाईत, आसं कुणी ठरीवलं? तुज्या मॅडमनी सुंदरीला बगितलेलं दिसत न्हाई," ती म्हणाली.

कागद भरत चालला. गेलेल्या माणसावर फुली मारायची असते असं तेजश्रीनं सांगितलं आणि आश्रुबाच्या चौकोनावर पेन्सिल टेकवली, तेव्हा छबुबाई पटकन म्हणाली, "हळू मार." पोरीनं अगदी बारीक फुली मारली.

मग छबुबाईच्या माहेरची पाळी आली. तिकडं आष्टीच्या बाजूला तिचं माहेर. आई दगडाबाई. छबुबाई सव्वा वर्षाची असताना पाठचं भावंड झालं, दगडाबाईला दोन्ही पोरं झेपेनात, म्हणून बापाच्या बहिणीनं, चंद्रभागाबाईनं, छबूला उचलून आपल्या घरी नेलं. पाच-सहा महिन्यांसाठी नेलेली पोर लग्नापर्यंत तिथंच राहिली.

"चंद्रभागाआत्यालाच मी आई म्हणायचे," छबुबाई रंगात येऊन सांगू लागली. "आन माज्या आईला काय म्हणायचे, ठावं हाय का? वहिनी! आत्या तिला वहिनी म्हणायची ना, ते ऐकून मी बी वहिनी म्हणायचे. आई भेटाया आली की मी आत जाऊन वरडायचे, आई, वहिनी आल्यात गं!" ती पदर तोंडाला लावून हसली. तेजश्रीही हसली. मग पोरीनं दगडाबाईच्या गोलापासून छबुबाईपर्यंत सरळ रेघ ओढली आणि चंद्रभागाबाईपासून ठिपक्याठिपक्यांची.

"ही अशी तुटकी कावून?"

"जिनं जन्म दिला तिची सरळ. जिनं वाढीवलं तिची ठिपक्याची. तसा नियम हाय."

छबुबाईला नियम फारसा पटला नाही.

"आता बारक्या आज्जी," तेजश्री म्हणाली. "त्यांच्याखाली काय न्हाई. मूलबाळ न्हाई ना त्यांना."

"न्हाई." छबुबाईनं अडकित्ता उगाच इकडचा तिकडं केला. मग ती म्हणाली, "हायेत. लिव. तीन."

"तीन?"

"पयलं चौथ्या महिन्यात गेलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी. दुसरं तिसऱ्यात. तिसरं आठव्यापतूर टिकलं. पोरगी व्हती. डोक्याला लई केस व्हते तिच्या. मेलेलीच आली. मीच पदराखाली घेऊन गेले आन रानात बांधाच्या कडंला पुरलं. सुंदरीला म्या तोंड सुदिक दावलं न्हाई. तिला फकस्त सांगितलं, केस तुज्यावानी व्हते."

"पप्पांना ठावं हाय का हे?"

"आता कुणाला ठावं न्हाई. फकस्त तिला आन मला."

पोटातच गेलेल्यांसाठी बारका त्रिकोण काढायचा असतो. तेजश्रीनं दोन त्रिकोण काढले. तिसऱ्याला तिनं बांगडी न घेता औषधाच्या बाटलीचं टोपण घेतलं, त्याचा लहानसा गोल काढला आणि त्यात फुली मारली. छबुबाई तिच्या हाताकडं बघत होती. सुंदरबाईच्या खालची कागदाची कोरी जागा भरली हे बघून तिला बरं वाटलं.

"आता तुजी आन त्यांची रेघ," तेजश्री म्हणाली. "अबोला आसंल तर वाकडीतिकडी काढत्यात, करवतीच्या दात्यांसारखी. शेजारी कारण लिवावं लागतं. काय लिवू?"

"लिव, तिनं माजं नाव खोडलं."

ती गोष्ट गावाला ठाऊक होती, तेजश्रीलाही उडत उडत माहीत होती. छबुबाईच्या तोंडून मात्र ती त्या दिवशी पहिल्यांदा आली. दरवर्षी दिवाळी झाली की आश्रुबा आणि छबुबाई ऊसतोडीला सांगलीकडं जायचे ते चैत्रात परतायचे. अजिनाथ आणि सुंदरबाई घरचं रान आणि जनावरं बघायचे. हनुमान दोन वर्षांचा झाल्यापासून सुंदरबाईपाशीच राहायचा. तो दहावीला असताना परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली आणि आईचा अंगठा हवा म्हणून निरोप आला. आई तर उसाच्या फडात. सुंदरबाई शाळेत गेली, तिनं अंगठा दिला. उन्हाळ्याच्या शेवटी निकाल लागला, पोरगा पास झाला, छबुबाईनं पेढे आणले. गल्लीतल्या शिकलेल्या एका माणसानं मार्कमेमो हातात घेऊन मोठ्यानं वाचला. हनुमान आश्रुबा अमुक, आणि आईचं नाव सुंदरबाई.

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. कागदावर आश्रुबाची भावजय त्याची बायको झाली होती. पारावरच्या टवाळांनी तर आश्रुबाला महिनाभर छळलं, की दोन बायकांचं कसं जमवतोस. अजिनाथ स्वतः पोट धरून हसले. एकटी छबुबाई हसली नाही. पाच महिने उसाचं पाचट अंगावर घेऊन जिनं पोराची फी भरली, तिचं नाव कागदावर कुठंच नव्हतं. तिनं जावेला भर अंगणात विचारलं, "मुद्दाम केलंस का न्हाई?" सुंदरबाई म्हणाली, नाइलाज होता, फॉर्मला आईच पाहिजे होती. छबुबाई म्हणाली, मुद्दाम केलंस. हे दोन-तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी दोघी गप्प झाल्या. मेमो दुरुस्त करायला औरंगाबादला खेटे घालावे लागले असते, ते कुणी घातले नाहीत. हनुमानच्या पुढच्या सगळ्या कागदांवर आईच्या जागी सुंदरबाईच येत राहिली.

"मला काय पायजे व्हतं?" छबुबाई म्हणाली. "तिनं एकदा म्हणायचं व्हतं, व्हय बाई, मुद्दाम केलं. बास. पर न्हाई. नाइलाज म्हणं."

शुक्रवारी सकाळी तेजश्री तोच कागद घेऊन अंगणापलीकडच्या दारात गेली. मॅडमनी बजावलं होतं की प्रत्येकाला वेगवेगळं विचारायचं. छबुबाई अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया उलटत होती. त्या उलटायची काही घाई नव्हती, पण तिथून सुंदरबाईचं दार सहा पावलांवर होतं.

आधी तेजश्रीनं सुंदरबाईला तिच्याखालची ती तीन चिन्हं दाखवून त्यांचा अर्थ सांगितला. मग ती हळू म्हणाली, "हे कुणी सांगितलं?"

"मोठ्या आज्जीनं."

"तिच्या ध्यानात हाय?"

"महिन्यासगट. पोळ्याच्या आदला दिवस बी सांगितला."

छबुबाईचा हात कुरडईवर थांबला. आत पदरानं नाक पुसल्याचा आवाज झाला. मग तेजश्रीनं अबोल्याचं विचारलं.

"फारमावर आईचा अंगठा पायजे, आसा निरोप आलता," सुंदरबाई सांगू लागली. "शेवटचा दिस. बाई कोणत्या फडात हाय ते बी ठावं न्हाई. तवा कुठं फोन व्हते? मी गेले."

"मग नाइलाजच व्हता की."

"नव्हता."

छबुबाईनं मान वर केली.

"माज्या म्होरं एका पोराची आजी उभी व्हती," सुंदरबाई म्हणाली. "त्याची आई बी तोडीला गेलती. मास्तरानं इचारलं, तुमी कोण? ती म्हणली, आजी. मास्तरानं तिचा अंगठा घेतला आन नाव त्याच्या आईचंच लिवलं. म्या डोळ्यानं बगितलं ते. मग मला इचारलं, तुमी पोराची आई का? चुलती म्हणले आसते तरी चाललं आसतं. मी म्हणले, व्हय."

"कावून, आज्जी?"

"तसं कुणी कदी इचारलंच नव्हतं गं मला. आई का म्हणून. जन्मात एकदाच इचारलं, आन तोंडातून व्हय निगून गेलं. हनुमान बाजूला उभा व्हता. मला वाटलं, आता म्हणतो, ही काकू हाय. त्यानं माज्याकडं बगितलं आन खाली मान घातली. काय बोलला न्हाई. तेवढं एकदाच म्हणले मी. फुडं कदी न्हाई, कुणापशी न्हाई. बाईनं इचारलं तवा भ्याले आन नाइलाज म्हणून सांगितलं. तिचंच खरं व्हतं. म्या मुद्दामच केलं."

पंचवीस वर्षं छबुबाईला हेच ऐकायचं होतं. मनातल्या मनात तिनं या दिवसाची तयारी करून ठेवली होती; काय काय सुनवायचं ते पाठ होतं. आणि आता ऐकलं तर त्यातलं काही तोंडाशी येईना. तिला राग आला नाही आणि जिंकल्यासारखंही वाटलं नाही. तिच्या डोळ्यापुढं शाळेतली ती रांग आली, आणि त्या रांगेत नऊवारी नीट नेसून उभी असलेली तिशीतली सुंदरी. ज्या बाईला जन्मात एकदाच कुणी आई का म्हणून विचारलं, तिच्या एका शब्दावर आपण एवढी वर्षं दात धरून बसलो. छबुबाईला स्वतःची लाज वाटली. तिनं कुरडया तशाच टाकल्या आणि ती घरात गेली.

शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीआधी तेजश्रीनं पुरा झालेला कागद तिच्यापुढं ठेवला. "बगून घे, आज्जी. काय चुकलं आसंल तर सांग."

छबुबाईला वाचता येत नव्हतं, पण रेघा कळत होत्या. तिनं बोट ठेवलं. "ही मी. ही दगडाबाई, सरळ रेघ. ही आत्या, ठिपक्याची." बोट खाली आलं. "हा हनुमान. माज्याकडून सरळ. आन ही ठिपक्याची कुणाची?"

"बारक्या आज्जीची. आन ही मी. मम्मीकडून सरळ, तुमा दोगींकडून ठिपक्याची. बग आज्जी, तुज्यापासनं तेच चालत आलंय. पोर एकीचं आन वाढीवती दुसरी. मॅडम म्हणत्यात, ते दिसावं म्हणूनच कागद काढायचा."

छबुबाईचं बोट पुन्हा वर गेलं आणि दगडाबाईच्या गोलावर थांबलं. दोन दिवसांपूर्वी हसत हसत सांगितलेलं तिला आता तसंच आठवलं, पण हसू आलं नाही. आई वर्षातून दोनदा चालत यायची. एकदा तिनं नवं परकर-पोलकं आणलं होतं, हिरवं. आपण दारातूनच ओरडलो, आई, वहिनी आल्यात. आणि चंद्रभागाआत्या बाहेर आली, दोघी बायका एकमेकींशी बोलल्या, चहा झाला. त्या वेळी दगडाबाईचा चेहरा कसा झाला होता? छबुबाईनं खूप आठवून बघितलं. आठवेना, कारण तिनं तेव्हा तिकडं बघितलंच नव्हतं. ती परकरच बघत होती. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. दगडाबाई चंद्रभागाबाईशी शेवटपर्यंत बोलत राहिली. छबूच्या लग्नात तिनं स्वतःच्या हातानं नणंदेला पाटावर बसवलं, तिची ओटी भरली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, पोर हिनं वाढवली.

"आज्जी, रडतीस?" तेजश्रीनं विचारलं.

"व्हय," छबुबाई म्हणाली. "माजी आई लई चांगली बाई व्हती गं. मला आज कळलं." तेजश्रीनं कागद बाजूला सारला आणि ती आजीला बिलगून बसली.

त्या संध्याकाळी छबुबाई दोनदा अंगण ओलांडायला उठली. एकदा नळापर्यंत गेली आणि रिकामी घागर उगाच विसळून परत आली. दुसऱ्यांदा सुंदरबाईच्या दारापर्यंत पोचली. आत पेटी भरायचा आवाज येत होता. काय म्हणून हाक मारावी हेच तिला सुचेना. पंचवीस वर्षांत तिनं त्या बाईचं नाव तिच्या तोंडावर घेतलं नव्हतं.

रविवारी नऊच्या सुमाराला अंगद पिकअप घेऊन आला. जाता जाता तेजश्रीला बीडला सोडायचं होतं. तिची पिशवी पुढं ठेवली. मागं सुंदरबाईची पत्र्याची पेटी, वळकटी आणि पिठाचा डबा चढला. अंगदनं दोरी बांधली. सुंदरबाईनं आपल्या दाराला कुलूप लावलं, किल्ली तेजश्रीच्या हातात दिली आणि म्हणाली, "तिला दे." पोरीनं ती छबुबाईला दिली.

मग सुंदरबाई थोरल्या जावेच्या पाया पडायला वाकली. छबुबाईनं तिला दंडाला धरून उभं केलं, पण दंड सोडला नाही. "तेजे, तिला सांग," ती म्हणाली.

"मी न्हाई सांगनार," तेजश्री गाडीपाशी उभी राहून म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "बारा वर्सं सांगितलं. हे तुजं तू सांग, आज्जी."

अंगद दोरीला हात लावून बघत राहिला. छबुबाईनं सुंदरबाईकडं तोंड केलं.

"सुंदरे."

सुंदरबाई दचकली. तिनं नजर वर केली नाही.

"मास्तरानं इचारलं तवा तू व्हय म्हणलीस ना?"

सुंदरबाईनं नुसती मान हलवली. आता सगळ्यांसमोर काय ऐकावं लागणार म्हणून तिनं पदर घट्ट आवळून धरला होता.

"मग खोटं कुटं बोललीस?" छबुबाई म्हणाली. "खरंच सांगितलंस की. मी तिकडं ऊस तोडीत व्हते आन हिकडं पोराला ताप आला तर रात रात तू बसत व्हतीस. माजंच चुकलं. मी जन्म दिला म्हणून मला वाटलं, आई एकटी मीच." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आन सुंदरे, पोराचं घर सोडून आई भावाच्या दारात ऱ्हाया जाती व्हय? जाऊ नगं. मला करमायचं न्हाई."

सुंदरबाईनं जावेच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघी तशाच अंगणात उभ्या राहिल्या. अंगदला काय करावं कळेना. थोड्या वेळानं तो चाचरत म्हणाला, "आत्या, निघायचं ना? ऊन वाढतंय."

सुंदरबाईनं पदरानं तोंड पुसलं. आधी तिनं छबुबाईकडं नीट डोळे भरून बघितलं, मग गाडीकडं.

"पेटी उतर रे अंगद," ती म्हणाली. "माजं पोर येनार हाय सुट्टीला. दाराला कुलूप दिसलं तर काय म्हणंल?"

छबुबाईनं ते ऐकलं. मग ती गाडीमागं गेली, आणि अंगदनं दोरी सोडल्यावर पेटीची एक कडी तिनं स्वतः धरली.